धावदोऱ्यापासून सुरुवात

तुळजापुरात भवानीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत. हळद-कुंकवाच्या राशी, ओटीचे खण, नारळ, बांगड्या, परड्या आणि खिळ्यांना टांगलेल्या कवड्यांच्या माळा. देवीच्या आराध्यांच्या गळ्यात ही माळ असतेच. कवडी ओवायची तर आधी तिची पाठ घासावी लागते. वरचा फुगीर भाग खरबरीत दगडावर घासून उडवला की आत पोकळी दिसते आणि दोरा आरपार जातो. तुळजापूरहून नळदुर्गच्या दिशेला निघालं की वाटेच्या आजूबाजूला बंजारा समाजाचे तांडे आहेत. तिथल्या जुन्या पेट्या उघडल्या की हीच कवडी दिसते, पाठ तशीच घासलेली. तिथे ती माळेत ओवलेली नसते, कापडावर टाचलेली असते. तोंड वर, पाठ कापडाला टेकलेली, आणि पोकळीतून गेलेले दोऱ्याचे दोन-तीन घट्ट वेढे.

धाराशिव जिल्हा म्हटलं की लोक दुष्काळ, सोयाबीन, ऊसतोड आणि तुळजाभवानी यांच्याबद्दल बोलतात. सुई-दोऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. पण या जिल्ह्यात घरोघर गोधडी आहे, तांड्यांवर काचळी (चोळी) आणि फेटिया (घागरा) आहे, उमरग्याच्या पलीकडे कर्नाटक लागतं आणि तिकडून आलेला कशिदा आहे, पोळ्याला बैलाची झूल आहे, महालक्ष्म्यांची आरास आहे, लग्नात रुखवत आहे. भरतकाम शिकावंसं वाटणाऱ्या मुली आणि बायका हल्ली मोबाइलवर तयार संच शोधतात. त्या संचात छापील कापड, मोजून दिलेला दोरा आणि दुसऱ्याच कुणीतरी काढलेलं फूल असतं. माझं म्हणणं सरळ आहे: या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला सुरुवातीसाठी संच विकत घ्यायची गरज नाही. लागेल ते घरात किंवा शेजारी आहे, आणि पहिला टाका आजीला येतो. त्याचं नाव धावदोरा.

कापडाचा जुना मुलूख

धाराशिवजवळचं तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये या गावाचं नाव आहे. तगरहून साधं कापड भरपूर आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांमधून भडोच बंदराला जात, असं त्यात नोंदवलंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या भागाची दूरदेशी ओळख होती ती कापडामुळे. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. देवदर्शनाला गेलेल्यांनी तिथे जरूर डोकावावं.

तेव्हाच्या कापडाचा तुकडाही आज आपल्या हाती नाही, कारण कापड टिकत नाही. वापरलं जातं, विरतं, फाटतं. फाटल्यावर आपल्याकडे त्याचं काय होतं, ते मात्र चांगलं ठाऊक आहे. त्याची गोधडी होते. कुठे तिला वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात शेतातली कामं उरकली की अंगणात किंवा माळवदावर जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर विरलेली धोतरं, चादरी, पोरांचे सदरे उसवून पसरायचे, वरून पुन्हा एक बरं लुगडं. कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि दोघी-तिघींनी बसून शिवायला घ्यायची. कुणी कडेकडेने फिरत आत येते, कुणी सरळ ओळी घालते. टाका एकच. सुई कापडात बुडते, थोड्या अंतरावर वर येते, पुन्हा बुडते. हाच धावदोरा.

गोधडी टिकते ती या टाक्यांच्या दाटीमुळे. ओळी विरळ असल्या की पहिल्याच धुण्यात आतली कापडं गोळा होतात. दाट असल्या की सगळे थर मिळून एकच कापड होतं. चांगल्या गोधडीवर टाका वर जेवढा दिसतो तेवढाच खाली असतो, आणि ओळीतलं अंतर न मोजताही सारखं राहतं. शिकणाऱ्याला ज्याची सगळ्यात जास्त गरज असते ती हाताची लय इथेच मिळते. म्हणून भरतकाम शिकायचं असेल तर घरातल्या जुन्या गोधडीची एक कड नीट न्याहाळावी, उलटी करूनही पाहावी.

पहिल्या संध्याकाळचं साहित्य

धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा मांजरपाटाचा हातभर तुकडा घ्यावा. नवं कापड असेल तर आधी धुवावं. त्यातली खळ निघाली नाही तर सुई अडते, आणि नंतर धुतल्यावर कापड आटून टाके चुरगळतात. पॉलिस्टर, जॉर्जेट, साटीन ही कापडं सुरुवातीला नकोत. ती हातातून सटकतात आणि टाका ओढला की चुणी पडते.

भरतकामाच्या दोऱ्याची लडी कटलरीच्या दुकानात मिळते. सोलापूरची नवी पेठ जवळ असणाऱ्यांना रंगांची निवड जास्त सापडेल. सुती लडीत साधारण ८ मीटर दोरा असतो आणि तो ६ पदरी असतो. हे पदर सुटे होतात. सगळे सहा एकदम वापरले तर काम जाड आणि ओबडधोबड दिसतं. सुरुवातीला दोन किंवा तीन पदर पुरे. पदर एकत्र ओढून सुटत नाहीत, गुंता होतो. एकेक पदर चिमटीत धरून सरळ वर उपसायचा आणि मग हवे तेवढे पुन्हा जोडायचे. दोऱ्याची लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, फार तर थोडी जास्त. लांब दोरा घेतला की सुईत पुन्हा पुन्हा ओवावं लागत नाही हे खरं, पण तो कापडातून इतक्या वेळा जातो की पिंजतो आणि गाठी पडतात.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. भरतकामाला ७ ते ९ नंबर चालतात. पाच-सहा इंचांची लाकडी रिंग घ्यावी. आतल्या कड्याला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळली तर कापड घसरत नाही. काम थांबवताना रिंग काढून ठेवावी, नाहीतर कापडावर गोल वळ पडतो आणि तो इस्त्रीनेही सहजी जात नाही.

मग पेन्सिलीने एक सरळ रेघ आखायची आणि त्यावर धावदोरा घालायचा. वरचा टाका आणि खालचं अंतर सारखं येईपर्यंत तेच करायचं. सरळ रेघ जमली की वळणाची रेघ, मग गोल. वळणावर टाके लहान करायचे, नाहीतर गोलाला कोपरे फुटतात. एवढं जमलं की उरलेले टाके दूर नाहीत. सुई अर्धं पाऊल मागे जाऊन पुढे आली की उलटी टीप झाली. तेच टाके एकमेकांना तिरके टेकले की देठटाका झाला, वेल आणि फांदीसाठी. दोऱ्याचा फास सुईखाली धरला की साखळी टाका. फास कडेला उभा राहिला की काजटाका. यापलीकडे फुलीटाका, भरीव टाका आणि गाठीचा टाका शिकले की चादरी-अभ्र्यांवरचं नेहमीचं जवळपास सगळं भरतकाम हातात येतं.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी: कामाची मागची बाजू रोज पाहायची. गाठ मारण्याऐवजी दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांखालून दोन-तीनदा सरकवायचं. एका फुलापासून लांबच्या दुसऱ्या फुलापर्यंत दोरा मागून ओढत न्यायचा नाही. तो सैल राहतो, बोटात अडकतो आणि पातळ कापडातून दिसतो.

तांड्याचा हात

बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडणारे वाहतूकदार होते. फौजांना रसद पोचवण्याचं काम त्यांच्याकडे असे. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, तशी ही वाहतूक मोडली. पुढे इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर शिक्का मारला, आणि तो पुसायला १९५२ साल उजाडलं. महाराष्ट्रात आज हा समाज विमुक्त जातींत मोडतो. घर पाठीवर घेऊन चालणाऱ्यांची शोभा आणि मत्ता अंगावरच असायची, नाहीतर बैलावर. म्हणून बाईच्या काचळीवर आणि फेटियावर, डोईवरच्या छांटियावर, सामानाच्या कोथळीवर, पाण्याच्या घड्याखाली ठेवायच्या गणोवर आणि पुढच्या बैलाच्या झुलीवर इतकं भरतकाम आलं.

या भरतकामात काय काय असतं ते जवळून बघण्यासारखं आहे. आधार बहुधा लाल, निळ्या किंवा काळ्या जाड सुती कापडाचा. त्यावर दुसऱ्या रंगाच्या कापडाचे चौकोन, त्रिकोण आणि अरुंद पट्ट्या टाचलेल्या. त्यांच्या कडांवरून टाक्यांच्या ओळी. मधे आरसे. कडेला कवड्या, मणी, जुनी नाणी, लोकरीचे गोंडे. कर्नाटकातल्या संडूरकडे लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाचे चौदा टाके मोजतात. कीलन, वेले, बखिया, माकी, रेलो, तेरा डोरा ही त्यांतली काही नावं. आकृती बहुतेक भूमितीच्या, आणि छाप न उठवता नजरेने आखलेल्या.

आरसा बसवणं हे नवख्याला कोडं वाटतं, कारण काचेला भोक नसतं. गुपित असं: आरसा जागेवर धरून त्याच्यावरून चार सरळ टाके घालायचे, दोन उभे, दोन आडवे, असे की मधे चौकोन उरेल. मग तेच तिरके, त्या चौकोनाचे कोपरे कापत. आता काचेवर दोऱ्याची जाळी झाली आणि आरसा हलत नाही. ही जाळी घट्ट ओढायची असते. ती सैल राहिली तर पुढचं सगळं फुकट जातं. त्यानंतर कडेने फिरायचं: सुई जाळीच्या दोऱ्याखालून घ्यायची, फास टाकायचा, लगेच बाहेर कापडात एक छोटा टाका, पुन्हा जाळीखाली. एकेक फास जाळीला बाहेर खेचत जातो, आणि शेवटी काचेभोवती दोऱ्याची जाड गोल चौकट तयार होते. जाळी दिसेनाशी होते. पहिला आरसा अर्धा तास घेतो. मात्र धावदोरा आणि काजटाका येणाऱ्या कुणालाही तो बसवता येतो.

नवीन पिढीत हा पोशाख रोजच्या वापरातून गेलाय. मुली साडी, पंजाबी ड्रेस घालतात, आणि घालाव्यात. वजनदार फेटिया घालून ऊस तोडता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की तांड्यांवरची कितीतरी घरं कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सुईला निवांत वेळ उरतो तो त्यानंतर. ज्या याडीला, म्हणजे आईला, हे टाके येतात, तिच्या लेकीला ते येतीलच असं नाही. म्हणून शेजारच्या गावातल्या कुणाला शिकायचं असेल तर तांड्यावर जावं, पण फोटो काढून नक्कल करायला नव्हे. शिकवणीचे पैसे द्यावेत, शिकवणारीचं नाव सांगावं, आणि काम विकत घेताना घासाघीस करू नये. शहरात पंधरा-वीस हजारांची साडी मुकाट्याने घेणारी माणसं तांड्यावरच्या पिशवीला पन्नास रुपये कमी करायला लावतात, हे बघून वाईट वाटतं.

सीमेपलीकडचा कशिदा

उमरगा आणि लोहाऱ्याकडच्या घरांचे सोयरे-धायरे बिदर, कलबुर्गीकडे आहेत. महाराष्ट्रात ‘कर्नाटकी कशिदा’ म्हणून ओळखलं जाणारं काम खरं तर धारवाडकडचं. इरकली साडीच्या पदरावर आणि काळ्या चंद्रकळेवर ते शोभतं. त्यात कापडाचे धागे मोजून टाका घालतात. छाप नाही, गाठ नाही. गोपुर, रथ, पालखी, तुळशी वृंदावन, हत्ती, मोर असे त्याचे विषय. चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी.

यातला गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. एकदा रेषेवरून धावत जायचं आणि परत येताना सुटलेली अंतरं भरायची. नीट जमलं तर पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे सांगता येत नाही. जिची गोधडीची ओळ सरळ येते, तिला हा टाका पहिल्याच बैठकीत समजतो. अवघड असतं ते धागे मोजणं. त्यासाठी आधी मॅटीच्या कापडावर हात बसवावा. त्याचे चौकोन मोठे असतात आणि डोळ्यांना ताण पडत नाही.

फितीची फुलं

फीत म्हणजे आपल्या बोलण्यातली रिबीन. ती आपल्या घरात फार जुनी नाही, पण आता हक्काची झालीय. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींच्या दोन वेण्यांवरच्या लाल रिबिनी, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बांधलेल्या रंगीत फिती आणि गोंडे, बाळाच्या कुंचीचे बंद, महालक्ष्म्यांच्या मखराची झालर. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्या आराशीवर घरातल्या बायका-पोरींचे हात दिवसरात्र चालतात. ती आरास आता बरीचशी विकत येते. ती घरी करणं सोपं आहे.

साटीनच्या फितीचं सगळ्यात साधं फूल असं: इंचभर रुंद, वीतभर लांब फीत घ्यायची. एका कडेने धावदोरा घालत शेवटपर्यंत जायचं. मग दोरा हळूच ओढायचा. चुण्या पडतात आणि फीत आपोआप गोल वळते. दोन टोकं जोडून दोन टाके मारायचे, मधे मणी किंवा कवडी शिवायची. गोधडीचा तोच टाका. ओढला नाही तर थर बांधतो, ओढला की पाकळ्या उमलवतो.

कापलेल्या फितीच्या टोकांचे धागे सुटतात. पॉलिस्टरची फीत असेल तर टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळून क्षणभर फिरवलं की वितळून बंद होतं. ज्योतीच्या आत नेलं तर काळं पडतं. सुती किंवा रेशमी फितीला हा उपाय चालत नाही. ती जळते. तिची कड दुमडून शिवावी. लहान मुलं जवळ असताना हे काम करू नये.

फितीने थेट कापडावरही भरता येतं. त्यासाठी मोठ्या नेढ्याची, पण टोकदार सुई हवी आणि पाव इंचाहून अरुंद फीत. गुलाबासाठी आधी दोऱ्याने मध्यापासून पाच आरे काढायचे. आरे विषमच हवेत. मग फीत मध्यातून वर काढून एका आऱ्यावरून, पुढच्याखालून, अशी गोल गोल विणत जायची. सम आरे असले तर फीत दर फेरीत त्याच आऱ्यांवरून जाते आणि फूल भरत नाही. फीत ओढायची नाही, सैल ठेवायची. थोडा पीळ पडला तर पडू द्यावा, पाकळी त्यानेच खरी वाटते. रिंगेत ताणलेलं कापड असेल तर असा गुलाब दहा मिनिटांत होतो.

हे सगळं एकत्र शिकायला बाळंतविड्याइतकं चांगलं काम नाही. मऊ सुती दुपटं, त्यावर धावदोऱ्याची नक्षी. खणाची कुंची, तिला फितीचे बंद आणि कडेला साखळी टाका. कामं लहान आहेत, महिनाभरात उरकतात, आणि वापरणारं माणूस घरातच असतं. फक्त तान्ह्याच्या कपड्यावर मणी, आरसे, कवड्या नकोत. निघाले तर तोंडात जातात. मागच्या बाजूलाही टोचणारी गाठ नको.

रुखवत आणि कामाचं मोल

एके काळी लग्नाच्या मांडवात रुखवताच्या टेबलाभोवती बायकांची गर्दी व्हायची. ‘सुस्वागतम्’ भरलेली चौकट, राघू-मैनेचे अभ्रे, रेडिओचं झाकण, टेबलक्लॉथ, मण्यांचे हत्ती, लोकरीची तोरणं. नवरीच्या हाताची ती परीक्षा होती, आणि परीक्षेत जाच होता यात शंका नाही. मुलीने भरतकाम करायचं ते सासरच्यांना दाखवायला, ही जुनी अट गेली ते बरंच झालं. पण अट गेली तसा हातही जातोय. आज रुखवताचं सामान तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. कशिद्याच्या जागी यंत्राच्या भरतकामाची लेस येते. ती स्वस्त आणि सुबक असते आणि हजारो घरांत एकसारखी असते.

हातकाम यंत्राशी किमतीत जिंकू शकत नाही. म्हणून घरी शिकणारीने विकायला घेण्याआधी हिशेब मांडावा. समजा एका तोरणाला दीडशे रुपयांचं साहित्य आणि २० तास लागले, आणि ते चारशेला विकलं. उरले अडीचशे, म्हणजे तासाला साडेबारा रुपये. एवढ्या पैशात कुणी शेतात खुरपायलाही जात नाही. वेळ मोजला नाही की बाई स्वतःचीच मजुरी बुडवते, आणि सोबत तांड्यावरच्या सगळ्या बायकांचा भावही पाडते. किंमत सांगताना तास सांगावेत. लोकांना ते ऐकून घ्यायची सवय लागली पाहिजे.

याला वाट आहे, हे संडूरने दाखवलंय. बल्लारी भागातल्या त्या गावात संडूर कुशल कला केंद्राने लंबाणी बायकांचं काम एकत्र आणलं, आणि संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. जुलै २०२३ मध्ये जी-२० च्या सांस्कृतिक गटाची बैठक हंपीला झाली, तेव्हा साडेचारशेहून जास्त लंबाणी बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तूंच्या प्रदर्शनाची नोंद गिनीज बुकात झाली. तोच समाज, तेच टाके. संडूरला जे झालं त्याला संघटना, दर्जाची तपासणी आणि ठरलेला भाव या तीन गोष्टींचा आधार होता. आपल्याकडे राज्याच्या ‘उमेद’ अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिवणकाम करणाऱ्यांचा समावेश आहे: प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, साहित्यासाठी १५,००० रुपये आणि पुढे सवलतीच्या व्याजाने कर्ज. तुळजापूरला वर्षभर भाविकांची रीघ असते. त्यांना प्रसादाबरोबर बाहेरगावच्या कारखान्यातली पिशवी घरी न्यावी लागते. तांड्याच्या हातची कवडी टाचलेली लहान पिशवी तिथे योग्य भावात मिळाली, तर घेणारे आहेत. हे काम गटांनी, देवस्थानाने आणि जिल्ह्याच्या प्रशासनाने मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

विकणं हा मात्र पुढचा टप्पा. तिथवर न जाताही सुईचा उपयोग आहे. दिवसभर तुकड्या-तुकड्यांत मिळणारा बायकांचा वेळ भरतकामात वाया जात नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक पान भरून होतं आणि उद्या तिथूनच पुढे जाता येतं. पुरुषांनीही शिकावं. बैलाच्या झुली शिवणारे हात पुरुषांचेही होते, आणि शिंप्याच्या दुकानातली सुई तर बहुतेक पुरुषांच्याच हातात आहे.

तेव्हा दिवाळीचा फराळ आटोपला की घरातली एक विरलेली सुती साडी फाडा. मुलीला, सुनेला, नातवालाही बोलवा. आजीला मधे बसवा, कारण तिच्या हातचा धावदोरा तुमच्यापेक्षा सरळ येणार आहे. पहिला आठवडा फक्त रेघा, दुसरा वळणं, तिसरा साखळी आणि काजटाका, चौथ्या आठवड्यात फितीचं एक फूल आणि एक आरसा. संक्रांतीपर्यंत हातरुमाल भरून होईल आणि तो वाणात देता येईल. आणि जिच्याकडून आरसा शिकलात, तिचं नाव तो रुमाल घेणाऱ्या प्रत्येकीला सांगा.